सेरी बायूची बाग

धैर्यशीलने खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. ऑकलंडच्या टाकानिनी भागात विश्वनाथरावांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं उरकली होती आणि मंडळी मागच्या डेकवर कॉफी घेत बसली होती. विश्वनाथराव मराठी मंडळाचे अध्यक्ष. बोलायची हौस दांडगी, आणि प्रवासाहून आले की समोरच्याच्या हातात फोन देऊन एकेक फोटो बघायला लावायची सवय. ते नुकतेच मलेशियाला जाऊन आले होते. फोटोंत क्वालालंपूरच्या मध्यावर उभं राहिलेलं ‘सेरी बायू’ होतं. तीन उंच इमारती, त्यांत ऑफिसं, हॉटेल आणि राहायचे फ्लॅट. खाली मॉल, मॉलच्याही खाली मेट्रोचं स्टेशन. आणि या सगळ्याच्या मधोमध एक बाग, जुन्या बाजाराच्या रस्त्यावरून निघून हळूहळू चढत मॉलच्या गच्चीपर्यंत गेलेली. बागेतून लांबलचक दगडी कट्टा गेला होता. त्यावर ऑफिसातून सुटलेल्या बायका, भाजीच्या पिशव्या घेतलेले म्हातारे, कॉलेजची पोरं अशी सगळी सावलीत बसलेली दिसत होती.

“मी काम केलंय या प्रोजेक्टवर,” धैर्यशील म्हणाला.

हे खरं होतं. न्यूझीलंडला येण्याआधी तो काही वर्षं क्वालालंपूरच्या एका सल्लागार कंपनीत होता. सेरी बायूच्या तळघरात मालाचे ट्रक कुठून उतरतील, कुठे वळतील, कचऱ्याच्या गाड्या कुठून बाहेर पडतील हे आखायचं काम त्याच्याकडे होतं. पण विश्वनाथराव त्या वेळी बागेच्या फोटोवर थांबले होते. त्यांनी विचारलं, म्हणजे ही बाग तुमची की काय?

तेव्हा ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. धैर्यशील हसला आणि म्हणाला, “टीम होती आमची.”

मोठं काम केलेली माणसं ज्या सुरात बोलतात, त्याच सुरात तो ते बोलला. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तोच लावला. आत सोफ्यावर मैत्रिणींबरोबर बसलेली त्याची मुलगी मैत्रेयी बाहेरून कुणी हाक मारली म्हणून आली. विश्वनाथरावांनी तिलाही फोटो दाखवला आणि हे तुझ्या बाबांनी केलंय म्हणून सांगितलं. अकरा वर्षांच्या मैत्रेयीने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, मग बाबांकडे पाहिलं. तसं तिने त्याच्याकडे कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

धैर्यशील आता ऑकलंडच्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या एका ऑफिसात रस्तेकामांचे आराखडे करत असे. कुठे खोदकाम निघालं की कुठली लेन बंद ठेवायची, गाड्या कुठून वळवायच्या आणि नारिंगी कोन कुठे कुठे मांडायचे, हे तो ठरवायचा. ऑकलंडमध्ये या कोनांना जेवढ्या शिव्या बसतात तेवढ्या क्वचितच कशाला बसत असतील. एकदा मैत्रेयीच्या वर्गातल्या कुणीतरी तिच्या वडिलांचं काम ऐकून ‘कोन मॅन’ म्हटलं, म्हणजे कोन मांडणारा आणि ऐकायला ठगही. तेव्हापासून कुणी विचारलं की ती एवढंच सांगायची, “ही वर्क्स विथ रोड्स.” हे त्याच्या कानावर आलं होतं. त्याने दाखवलं नव्हतं, पण ते त्याला लागलं होतं.

म्हणून त्या रात्री गाडीत मैत्रेयी मागच्या सीटवरून बागेबद्दल प्रश्न विचारत राहिली, तेव्हा तो उत्तरं देत गेला. शेजारी बसलेली त्याची बायको अबोली खिडकीतून बाहेर बघत होती. 

काही आठवड्यांनी विश्वनाथरावांचा फोन आला. मंडळाने ‘आपली माणसं, आपलं काम’ असा कार्यक्रम ठरवला होता आणि पहिलंच व्याख्यान धैर्यशीलने सेरी बायूवर द्यावं असा सगळ्यांचा आग्रह होता. त्याने वेळ नाही, सवय नाही असं सांगून पाहिलं. खरं कारण मात्र तोंडातून निघालं नाही. विश्वनाथरावांना ते आढेवेढे वाटले. त्यांनी फ्लायर छापून टाकला. त्यावर लिहिलं होतं, ‘क्वालालंपूरच्या हृदयात बाग फुलवणारा मराठी माणूस’.

तो वाचला तेव्हाही धैर्यशील फोन करू शकला असता. उलट त्याने जुना हार्ड ड्राइव्ह काढला आणि स्लाइड्स करायला घेतल्या. सुरुवातीला तो तळघराचेही आराखडे घालणार होता. पण ते पडद्यावर लावून पाहिले तर नुसत्या रेघा, बाण आणि ट्रकांचे चौकोन. ते काढून टाकता टाकता त्याला एक फोटो सापडला. बागेचं पहिलं स्केच. पेन्सिलने, ट्रेसिंग पेपरवर काढलेलं. खालच्या कोपऱ्यात हात टेकून बसलेल्या एका बाईची छोटीशी आकृती.

ते स्केच निशिगंधाचं होतं. निशिगंधा क्वालालंपूरच्या त्याच ऑफिसात, वरच्या मजल्यावर. नागपूरची, कमी बोलणारी, पण दुपारच्या डब्याला बसली की एखादी गोष्ट अशी सांगायची की ऐकणारा जेवायचा थांबायचा. बागेची कल्पना तिला कशी सुचली तेही तिने असंच सांगितलं होतं. भर दुपारच्या उकाड्यात बाजारातून आलेली एक म्हातारी मेट्रोच्या पायऱ्यांवर टेकली आणि पहारेकऱ्याने तिला उठवलं. ती पुढे जाऊन एका दुकानाच्या पायरीवर बसली, तिथूनही उठवलं. तिसऱ्यांदा ती बसलीच नाही, पिशवी घेऊन उन्हात उभी राहिली. निशिगंधा म्हणाली होती, या एवढ्या मोठ्या कामात मला एकच गोष्ट करायची आहे. काही विकत न घेता, जिथून कुणी उठवणार नाही अशी जागा.

धैर्यशीलने ते स्केच स्लाइड्समध्ये घातलं. नाव घातलं नाही. स्वतःला त्याने सांगितलं की व्याख्यानात ‘टीम’ म्हणायचं आहेच, त्यात सगळे आले.

माउंट वेलिंग्टनच्या कम्युनिटी हॉलमध्ये व्याख्यानाच्या रविवारी बरीच गर्दी झाली. मैत्रेयी पहिल्या रांगेत होती. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने हाच विषय घेतला होता आणि मांडीवर आयपॅड धरून ती बसली होती. धैर्यशील सुरुवातीला अडखळला, मग सूर लागला. लोक लक्ष देऊन ऐकत होते, आणि इतकी माणसं आपलं ऐकतायत हे त्याने फार दिवसांत अनुभवलं नव्हतं. स्केच पडद्यावर आलं तेव्हा तो म्हणाला, “ही सुरुवात. एकदा दुपारी मी बघितलं, एक म्हातारी मेट्रोच्या पायऱ्यांवर बसली होती...” आणि त्याने ती गोष्ट सांगितली. निशिगंधाने सांगितली होती तशीच, ती जिथे थांबायची तिथेच थांबत. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. ‘मी’ हा शब्द आता तोंडातून सहज येत होता.

टाळ्या झाल्यावर विश्वनाथरावांनी प्रश्न विचारायला सांगितलं. दोघातिघांनी खर्च, भूकंप असं काहीबाही विचारलं. मग मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. केस आखूड कापलेले, अंगावर साधं जॅकेट. धैर्यशीलला ओळखायला क्षणभर वेळ लागला.

“तो कट्टा मध्येच एका ठिकाणी वळतो,” निशिगंधा म्हणाली. “बाकी सगळा सरळ आहे. तो तिथे का वळतो, ते तुम्ही सांगाल का?”

ती ‘तुम्ही’ म्हणाली. ऑफिसात ती त्याला अरे-तुरे करायची. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. आपल्याला बाहेर पडायला दार उघडून दिलंय हे धैर्यशीलला त्या क्षणीच कळलं. ‘याचं उत्तर तूच दे, ही बाग तुझी आहे’ एवढंच म्हणायचं होतं. सभागृह तिच्याकडे वळलं असतं. थोडी शोभा झाली असती आणि संपलं असतं.

त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. मैत्रेयी उत्तर लिहून घ्यायला थांबली होती.

“त्या शहरात दोन नद्या मिळतात,” तो म्हणाला. “त्यांच्या वळणाचं ते प्रतीक आहे.”

पुन्हा टाळ्या झाल्या. निशिगंधाने मान हलवली, “बरं,” म्हणाली आणि खाली बसली.

नंतर चहा आणि कोथिंबीर वड्या होत्या. धैर्यशील लोकांच्या घोळक्यात अडकला होता. त्याला खांद्यांच्या फटीतून निशिगंधा दिसत होती. ती अबोलीशी बोलली, मैत्रेयीच्या आयपॅडवर वाकून काहीतरी पाहिलं, कागदी कप कचऱ्यात टाकला आणि निघून गेली. त्याच्याकडे आली नाही. घरी जाताना मैत्रेयी म्हणाली की ती बाई छान होती, तिने प्रोजेक्टला ऑल द बेस्ट दिलं. “अँड यू वर सो गुड, बाबा. लाइक, स्वीट ॲज.” इथल्या पोरांच्या भाषेत, एकदम भारी. धैर्यशीलने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याचे कान तापले होते.

पुढचे दिवस वाईट गेले. मंडळाने व्याख्यानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, लोक अभिनंदन करत राहिले. ऑफिसात आराखड्यावर कोन मांडताना त्याला एकदम ते ‘बरं’ ऐकू यायचं आणि तो उठून पँट्रीत जाऊन उगाच हात धुवायचा. एक दिवस घरी आला तर मैत्रेयीने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून ते स्केच काढायला घेतलं होतं. कोपऱ्यातली बसलेली बाईसुद्धा. वरती लिहिलं होतं, ‘माय डॅड्स गार्डन’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयी शाळेला गेल्यावर त्याने अबोलीला सगळं सांगितलं. ती घरून काम करण्यासाठी लॅपटॉप उघडत होती. तिने तो बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “निशिगंधाचं नाही. पण बाग तुझी नव्हती हे माहीत होतं. तेव्हा तू घरी येऊन रोज ट्रकांबद्दल बोलायचास. बागेबद्दल कधीच नाही.”

“मग वास्तुशांतीच्या दिवशीच बोलली का नाहीस?”

अबोलीने लॅपटॉप बाजूला सरकवला. “तुझा चेहरा किती दिवसांनी फुलला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, एवढ्याशाने कुणाचं काय बिघडतंय. म्हणजे मीही त्यात आहेच.”

आपली लाज आता आपल्या एकट्याची राहिली नाही, हे ऐकून त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट अबोलीचा खाली गेलेला चेहरा पाहून त्याला जास्तच मेल्यासारखं झालं.

अबोलीकडे निशिगंधाचा नंबर होता. चहाच्या वेळी ओळख झाली तेव्हा तिनेच मागून घेतला होता. निशिगंधा दोन-तीन तासांवरच्या टौरंगाला राहत होती. धैर्यशीलने मेसेज केला की भेटायचं आहे. खूप उशिरा उत्तर आलं, शनिवारी सकाळी ये, घरी नको, बंदराजवळ बसू.

कैमाईचा घाट उतरून तो टौरंगात शिरला तेव्हा रस्ते गाड्यांनी तुंबले होते. निशिगंधा पाण्याकाठच्या एका बाकावर बसली होती. पलीकडच्या धक्क्यावर लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग रचलेले होते आणि एक जहाज भरलं जात होतं. त्याने वाटेत मनाशी जुळवून आणलेली सगळी वाक्यं एका दमात म्हणून टाकली. चूक झाली, तोंड दाखवायला जागा नाही, क्षमा कर. म्हणता म्हणता त्याचा आवाज फुटला.

निशिगंधा ऐकत राहिली. मग म्हणाली, “रडू नकोस. तू रडलास की मला तुझी समजूत काढावी लागेल. मी त्यासाठी आलेली नाही.”

त्याने डोळे पुसले.

ती हळूहळू सांगू लागली. बागेला मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा कंपनीने काढलेल्या पुस्तिकेत डायरेक्टरांची नावं होती. तिचं कुठेच नव्हतं. भांडून उपयोग झाला नाही, म्हणून तिने ती नोकरी सोडली. इथे आल्यावर मुलाखतींमध्ये बागेचे फोटो दाखवायची, तर समोरचे विचारायचे, यात तुमचं नाव कुठे आहे? आणि लोकल एक्स्पिरियन्स? आता ती किवीफ्रूटची शीतगृहं बांधणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंग्ज करत होती. कामाचं तिला वाईट वाटत नव्हतं. पण बागेबद्दल बोलणं तिने सोडून दिलं होतं, कारण पुरावा नसलेली गोष्ट सांगताना माणूस आपोआप फुशारकी मारणाऱ्यासारखा दिसतो.

“मग मंडळाचा फ्लायर कुणीतरी पाठवला,” ती म्हणाली. “तुझं नाव बघून मला आनंद झाला होता, खरं सांगते. वाटलं, आपल्यातलं कुणीतरी त्या जागेबद्दल मराठीत बोलणार आहे. ऐकायला मिळेल. कदाचित माझं नाव घेईल. म्हणून एवढी गाडी चालवत आले.”

धैर्यशील जहाजावर चढणारे ओंडके बघत राहिला.

“कट्टा का वळतो, तुला खरंच आठवत नाही?” तिने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

“तुझ्यामुळे वळतो,” ती म्हणाली. “कट्टा वळतो तिथे एक जुनं झाड आहे, तुझ्या ट्रकांचा रस्ता त्याच्याखालून वर येणार होता. झाड तोडायचं ठरलं होतं, मी हरले होते. त्या मीटिंगला तू मागे बसला होतास. तू उठून म्हणालास की रस्ता बाजूला घेता येईल, मला एक आठवडा द्या. तुझा साहेब तुझ्यावर किती भडकला होता. रस्ता बाजूला गेला, त्याचं छत कट्ट्याच्या रेषेत आलं, म्हणून मी कट्टा वळवला. झाड राहिलं. मला वाटलं, निदान तेवढं तरी तू सांगशील. तुझं स्वतःचं.”

तेव्हा त्याला ते अंधूक आठवलं. झाड नाही, पण साहेबाचं ओरडणं, पुन्हा काढलेले सगळे आराखडे. ते कामही त्याने कमीपणाच्या गोष्टींमध्ये टाकून दिलं होतं. दुसऱ्याची बाग पाठ म्हणून दाखवताना आपण वाचवलेलं झाड पडद्यावर दिसत होतं आणि त्याला ते ओळखू आलं नव्हतं. हॉलमध्ये आलेली लाज लोकांची होती, कुणी पकडेल याची होती. इथे बाकावर आलेली लाज वेगळी होती. तिला लपायला जागाच नव्हती.

मी काय करू, असं त्याने विचारलं.

“जिथे बोललास तिथे जाऊन सांग,” निशिगंधा म्हणाली. “इथे येऊन क्षमा मागितलीस याने तुला बरं वाटेल, मला नाही. आणि सांगताना माझी आरती करू नकोस. काय झालं तेवढं सांग.”

“तू येशील?”

“नाही,” ती म्हणाली आणि उठली. त्याला पोचवायला ती गाडीपर्यंत आली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी त्याने मैत्रेयीला अंगणात बोलावलं. सांगायला सुरुवात केली तशी ती ट्रॅम्पोलिनच्या कडेवर बसली आणि पायातली जँडल, म्हणजे रबरी चप्पल, हलवत राहिली. मध्येच हलवायची थांबली.

“सो यू लाइड,” ती म्हणाली.

“हो.”

“मी प्रेझेंट केलं,” ती म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्रजीतच आलं. आय टोल्ड द होल क्लास. मिसेस हार्पर पुट इट ऑन द वॉल. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं की ती हॉलमधली छान बाई, तिची बाग आहे का. तो हो म्हणाला. तेव्हा मैत्रेयीचा चेहरा असा झाला की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

“शी वॉज नाइस टू मी,” ती म्हणाली. “शी न्यू, अँड शी वॉज नाइस टू मी.”

सोमवारी ती शाळेच्या भिंतीवरून कागद स्वतः काढून घेऊन आली. मी येऊन टीचरशी बोलतो, असं धैर्यशील म्हणाला तर तिने नको म्हणून सांगितलं. तिने बाईंना काय सांगितलं ते त्याला कधीच कळलं नाही.

विश्वनाथरावांना पटवायला मात्र वेळ लागला. त्यांनी आधी ते हसण्यावारी नेलं, मग गंभीर झाले. आपल्या लोकांत कशाला तमाशा, व्हिडिओ गुपचूप काढून टाकू, पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा छापू, असं त्यांचं म्हणणं. व्याख्यान ठरवणारे ते, फ्लायर छापणारेही ते. त्यांनाही थोडं खजील वाटत असावं. धैर्यशील एकाच गोष्टीवर अडून राहिला की माइकवर बोललो ते माइकवरच परत घ्यायचं. अखेर दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाआधी पाच मिनिटं मिळाली.

हॉल तोच होता. मुलांचे नाच झाले होते, मागे पुरीभाजीचे डबे उघडले जात होते आणि लोकांना भूक लागली होती. धैर्यशील माइकपाशी गेला. तो म्हणाला की मागच्या व्याख्यानात मी जी बाग माझी म्हणून सांगितली ती माझी नाही. ती निशिगंधा यांनी केली. स्केच त्यांचं, म्हातारीची गोष्टही त्यांचीच. त्या दिवशी त्या इथे बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर मी खोटं उत्तर दिलं. मी तळघरात ट्रकांचे रस्ते आखले होते.

सुरुवातीला कुणीतरी हसलं, हसणाऱ्याला वाटलं ही काही गंमत आहे. मग शांतता झाली. मागे एक लहान मूल आईला काहीतरी मागत होतं, तेवढाच आवाज. धैर्यशीलला वाटत होतं, कुणीतरी उठावं आणि तोंडावर चार शब्द सुनवावेत. कुणी उठलं नाही. विश्वनाथरावांनी घाईने माइक घेऊन मोठ्या मनाबद्दल काहीतरी म्हटलं आणि जेवण सुरू झाल्याचं जाहीर केलं.

रांगेत दोन माणसं त्याला म्हणाली की एवढं काय मनाला लावून घेता, सगळेच थोडं वाढवून सांगतात. ते त्याला टाळ्यांपेक्षाही जड गेलं. काही जण नजर चुकवून पुढे गेले. अबोली त्याच्या शेजारी उभी राहिली आणि पुऱ्या वाढून घेत राहिली.  मैत्रेयी मैत्रिणींबरोबर दूरच्या टेबलावर बसली होती. तिने एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

त्या पाच मिनिटांचाही व्हिडिओ यूट्यूबवर लागला. धैर्यशीलने तो निशिगंधाला पाठवला. तिने पाहिला की नाही, तिलाच ठाऊक. उत्तर आलं नाही, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. पहिलं व्याख्यान मंडळाने काढून टाकलं होतं, पण तोवर ते कुठे कुठे पोचलं होतं. दुसरं फारसं कुणी बघितलं नाही.

नव्या वर्षात, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू व्हायच्या आधी, एका शनिवारी तो आणि मैत्रेयी टाकानिनीच्या सुपरमार्केटमध्ये भाजी घेत होते. ती आता त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. टोमॅटोंपाशी एक तरुण जोडपं थांबलं, पुण्याहून नुकतंच आलेलं. नवऱ्याने हसून हात पुढे केला. त्याच्या आत्याने पुण्यात व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ पाहिला होता. तुम्ही ती क्वालालंपूरची बाग केलीत ना, आम्हाला फार अभिमान वाटला, असं तो भरभरून बोलत होता. त्याच्या बायकोने सेल्फीसाठी फोनही काढला.

धैर्यशीलने हात मागे घेतला. मैत्रेयी ट्रॉलीला टेकून उभी होती, त्याच्या आणि त्या जोडप्याच्या मधोमध.

“नाही,” तो म्हणाला. “ती बाग निशिगंधा नावाच्या बाईंनी केलीये. मी तेव्हा खोटं बोललो होतो. मी फक्त खालचे ट्रकांचे रस्ते आखले.”

तरुणाचा चेहरा गोंधळला. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने फोन पर्समध्ये टाकला. “असं होय,” तो म्हणाला, आणि काय बोलावं ते न सुचून दोघं बटाट्यांच्या बाजूला निघून गेले. जाताना बायकोने एकदा वळून पाहिलं.

धैर्यशीलचे कान पुन्हा तापले होते. तो टोमॅटो निवडायला लागला. मऊ झालेला एक परत ठेवला, दुसरा उचलला. मैत्रेयीने कागदी पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने त्यात टोमॅटो टाकले.

“मिल्क पण संपलंय,” ती थोड्या वेळाने म्हणाली, आणि दोघं त्या बाजूला गेले.